खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर: दोन दिवसांच्या पदभ्रमणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पदभ्रमण नेमके कुठून कुठे आहे?

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या खांडस गावातून गणेश घाटाने चढायचे, पुणे जिल्ह्यातील श्रीक्षेत्र भीमाशंकरला शनिवारी मुक्काम करायचा आणि रविवारी सकाळी साक्षी विनायक, गुप्त भीमाशंकर व नागफणीचा कडा पाहून परतायचे, असा हा कार्यक्रम आहे. चढ साधारण आठशे ते नऊशे मीटरचा आहे. सवयीचा माणूस तो चार तासांत चढतो, पण वीसेक जणांच्या गटाला, थांबे धरून, सहा तास लागतात आणि आम्ही तेवढे ठेवतोच.

मंचर किंवा राजगुरुनगरकडून गाडीरस्ता थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जातो, मग चालत कशाला जायचे, असे अनेक जण विचारतात. गाडीने येणाऱ्याला देऊळ आधी भेटते आणि डोंगर बहुधा भेटतच नाही. खांडसहून येणाऱ्याला मात्र आधी भातखाचरे लागतात, मग साग-ऐनाचे पानझडी रान, मग डोंगराच्या कमरेला असलेला पदर, आणि त्याच्याही वर माथ्यावरचे दाट सदाहरित जंगल. देऊळ या सगळ्याच्या शेवटी येते. कोकणातले भाविक पिढ्यान्‌पिढ्या याच क्रमाने वर आलेले आहेत. तो क्रम चालणाऱ्याला कळावा, एवढ्याचसाठी आम्ही ही वाट निवडतो.

आपण पावसाळ्यात का नेत नाही? धबधबे तर तेव्हाच असतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

पहिले कारण नियमाचे आहे. अलीकडच्या वर्षांत वन विभागाने ऐन पावसाळ्यात भीमाशंकर अभयारण्यातल्या धबधब्यांकडे जाण्यास, तसेच शिडी घाट (खांडसहूनचीच लोखंडी शिड्यांची दुसरी वाट) आणि खांडसहून वर येणाऱ्या वाटेवर चालण्यास मनाई केलेली आहे. ही बंदी गावकऱ्यांच्या नजरेआड, पहाटे अंधारात चुकवता येते, असे सांगणारे लोक भेटतात. आम्ही ती चुकवत नाही, आणि ज्यांना ती चुकवायची आहे त्यांनी आमच्याबरोबर येऊ नये.

दुसरे कारण डोंगराचे आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यातल्या कठीण थरांचे सरळ कडे उभे राहतात आणि मऊ थरांचे उतार व पदर होतात. उतारावरची माती पाणी पिऊन जड झाली की कधी सुटेल याचा नेम नसतो. भीमाशंकरच्या जवळचेच, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जो धोका ओळखता आला नाही, तो एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला ओळखता येईल असे मानणे बरोबर नाही.

तिसरे कारण आमच्या स्वतःच्या अनुभवाचे आहे. ही बंदी नव्हती त्या काळात एका जुलैत आम्ही याच घाटातून चढत होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्याचा जो ओढा हसत-खेळत ओलांडला, त्याच्याच पलीकडे तासभर थांबलो असताना पाण्याचा रंग बदलला, मग आवाज बदलला, आणि पाहता पाहता ते कमरेच्या वर गेले. आमच्या डोक्यावर तेव्हा पाऊस नव्हता. तो वर माथ्यावर पडत होता. आम्ही अडीच तास बसून राहिलो, पाणी उतरल्यावर दोर लावून माघारी आलो आणि देवदर्शन न घेता घरी गेलो. कुणाला काही झाले नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या गटाने जुलै-ऑगस्टमधला कोणताही घाट ठरवलेला नाही.

म्हणून आम्ही बंदी उठल्यानंतर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निघतो. तेव्हा मोठे धबधबे ओसरलेले असतात हे खरे, पण ओढे वाहते असतात, पाणी नितळ झालेले असते, कातळ सुकलेला असतो आणि दरी धुक्याने भरलेली नसल्यामुळे कोकण दिसते. धबधब्याचा गडगडाट ऐकायचा असेल तर गाडीरस्त्यावरून, सुरक्षित अंतरावरून, तो जुलैत जरूर ऐकावा.

ऑक्टोबरमध्ये मग धोका काहीच नसतो का?

असतो, फक्त वेगळा असतो. परतीचा पाऊस दुपारी तीन-चारच्या सुमारास विजांसह येतो आणि तासाभरात बेफाम कोसळतो. त्या वेळी उघड्या धारेवर, एकट्या झाडाखाली किंवा नागफणीच्या टोकावर असणे फार वाईट. म्हणून आम्ही खांडस सकाळी लवकर सोडतो आणि दुपारी दोनच्या आत माथ्यावरच्या जंगलात शिरतो. नागफणीला दुसऱ्या दिवशी सकाळीच जातो. ढग गडगडू लागले की माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवून सखल जागी उकिडवे बसायचे, काठ्या बाजूला ठेवायच्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचे नाही.

दुसरा त्रास उन्हाचा आहे. पायथ्याच्या गावात ऑक्टोबरचे ऊन अंगाला चटके देते, हवेत दमटपणा असतो आणि पहिला तासभर सावली कमी असते. आमच्या गटात आजवर पावसाने जेवढी माणसे आडवी केली नाहीत तेवढी या पहिल्या तासाने केली आहेत. घाम येण्याआधीपासून घोट घोट पाणी प्यावे, मीठ-साखर-लिंबू जवळ ठेवावे, आणि चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटली तर संकोच न करता त्याच क्षणी सांगावे.

शिडी घाटाने का नाही? तो तर जवळचा आहे.

खांडसहून पुढे गेल्यावर एक पूल लागतो. तिथून डावीकडची वाट शिडी घाटाची आणि उजवीकडची गणेश घाटाची. शिडी घाट वेळ वाचवतो, पण त्यात लोखंडी शिड्या आहेत, कातळटप्पे आहेत आणि एका बाजूला सरळ दरी आहे. दृष्टिभय, म्हणजे उंचीवरून खाली पाहण्याची भीती, असलेला माणूस शिडीच्या मध्यावर गोठून उभा राहिला की त्याच्या वरचे आणि खालचे सगळेच अडकतात. चार-पाच सरावलेल्या माणसांनी, कोरड्या दिवसात, दोर घेऊन जाण्याची ती वाट आहे. वीस जणांच्या, अर्ध्याअधिक नवख्या गटाची ती वाट नव्हे. या मुद्द्यावर आम्ही मतदान घेत नाही.

गणेश घाटाची वाट कशी आहे?

सुरुवातीला वाट रुंद आणि मळलेली आहे. चढ हळूहळू वाढतो आणि काही वेळाने गणपतीचे छोटे देऊळ येते. त्याच्यावरूनच घाटाला हे नाव मिळाले. इथे पहिला मोठा थांबा असतो. देवळाच्या पुढे पदरगडाचा सुळका आणि कातळ जवळ येऊ लागतात आणि वाट त्याला वळसा घालत जंगलातून आडवी जाते. पदरगडावर टाक्या आणि गुहा आहेत, पण त्याचा माथा धुराड्यासारख्या अरुंद भेगेतून चढून गाठावा लागतो, म्हणून तो आमच्या कार्यक्रमात नाही.

यानंतर आपण पदरात पोहोचतो. डोंगराच्या दोन चढांमधली सपाट पट्टी म्हणजे पदर. इथल्या वस्तीला पदरवाडी म्हणतात ते त्यामुळेच. शिडी घाटाची वाटही याच पठारावर येऊन मिळते. कोकणातला उकाडा इथे संपतो आणि वारा लागू लागतो. समोर उभी भिंत दिसते आणि आता तिच्यावर चढायचे आहे या विचाराने काहींचा धीर सुटतो, पण उरलेला चढ गर्द झाडीतून, सावलीतून, वळणावळणाने जातो. या टप्प्यावर ढोरवाटा फार आहेत. गुरांनी पाडलेली वाट कित्येकदा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते आणि दहा मिनिटांनी कारवीच्या झुडपांत संपते. पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली तर थांबावे, हाक द्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाऊल टाकू नये.

माथ्यावर आल्यावर देऊळ लगेच येत नाही, अजून काही अंतर झाडीतून चालावे लागते. हा शेवटचा तुकडा आमच्या मते संपूर्ण वाटेतला सर्वांत सुंदर आहे, आणि नेमका तो लोक घाईने चालतात.

मी आजवर कधी ट्रेक केलेला नाही. मला जमेल का?

रोज पाऊण तास भरभर चालणाऱ्या आणि पाच-सहा मजले न थांबता चढू शकणाऱ्या माणसाला जमेल. निदान तीन आठवडे आधी चालणे आणि जिने चढणे सुरू करावे, त्यातही शेवटच्या आठवड्यात पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन. चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास गुडघ्यांना अधिक होतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर वर चढून यावे आणि रविवारी पुण्याकडच्या एसटीने परतावे. तशी सोय आम्ही करून देतो आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे आणि आम्हाला ते लिहून कळवावे. ही माहिती आम्ही गटात कुणालाही सांगत नाही, पण गटप्रमुखाला ती ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

लहान मुलांना आणि ज्येष्ठांना आणता येते का?

बारा वर्षांपुढच्या मुलांना आई किंवा वडील बरोबर असतील तर येता येते. ज्येष्ठांसाठी वयाची अट नाही. आमच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी दोनदा आल्या आहेत आणि दोन्ही वेळी पस्तिशीतल्या कित्येकांच्या आधी वर पोहोचल्या आहेत, कारण त्या सावकाश चालतात पण थांबत नाहीत.

खांडसला पोहोचायचे कसे?

मध्य रेल्वेने कर्जतला यावे. मुंबई-ठाण्याकडून कर्जत लोकल आहेत, पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पाहून आरक्षण करावे. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस ३० ते ३५ किलोमीटर आहे आणि हा टप्पा आम्ही ठरवलेल्या जीपने होतो. जीप सकाळी सातला स्थानकाबाहेरून निघते आणि उशीर झालेल्यांसाठी थांबत नाही, कारण इथे गेलेली पंचवीस मिनिटे दुपारच्या विजांच्या वेळेत जाऊन बसतात.

बरोबर काय आणावे?

तीन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, पकड असलेले आणि आधी वापरून सैल झालेले बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, लवकर सुकणारी पँट, टोपी, पावसाचे जाकीट, विजेरी आणि तिच्या जास्तीच्या बॅटऱ्या, रात्रीसाठी उबदार कपडा, स्वतःची औषधे, ताट-वाटी-पेला आणि ओळखपत्र. जीन्स आणू नये. ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. नवे कोरे बूट आणू नयेत. सामान पाठीवरच्या एकाच पिशवीत मावावे आणि दोन्ही हात मोकळे राहावेत. हातात पिशवी घेऊन घाट चढणारा माणूस पहिल्याच घसाऱ्यावर पडतो.

अत्तर, सुगंधी फवारे आणि भडक वासाची तेले लावून येऊ नये. याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

जंगली प्राणी, साप, मधमाश्या यांची भीती आहे का?

या जंगलात बिबट्या आहे, पण वीस माणसांचा गट दिवसाढवळ्या चालत असताना तो दिसण्याची शक्यता जवळपास नाही. साप आहेत, त्यांत हिरवा चापडा, फुरसे आणि घोणस हे विषारी. चापडा झुडपाच्या फांदीवर पानासारखा निश्चल बसून राहतो, म्हणून आधारासाठी फांदी पकडण्याआधी ती नीट पाहावी. दगडाच्या फटीत हात घालू नये आणि विसाव्याला बसण्याआधी जागा काठीने हलवून घ्यावी. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करायचे नाही. त्या माणसाला शांत ठेवायचे, चावा बसलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयाकडे लगेच न्यायचे.

आमच्या मते सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती मोठी आहे. कड्यांच्या कपारींत आणि उंच झाडांवर ही मोहोळे असतात, आणि धूर, अत्तराचा वास, दगड किंवा मोठा आवाज यांनी उठलेल्या माश्या माणसाचा लांबपर्यंत पाठलाग करतात. म्हणून या वाटेवर धूम्रपान नाही, शेकोटी नाही, आरोळ्या नाहीत. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. चेहरा आणि मान कपड्याने झाकून, वाट सोडून कड्याकडे न धावता, दाट झाडीत शिरावे.

दिवाळीनंतर खाजकुइलीच्या शेंगा तयार होऊ लागतात. त्यांची तपकिरी मखमली लव अंगाला लागली की माणूस रडकुंडीला येतो. गटप्रमुख ती वेल दाखवतो. तेवढी एक वनस्पती सर्वांनी ओळखून घ्यावी.

शेकरू दिसेल का?

बहुधा दिसेल, पण गटातल्या सर्वांना नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे आणि ते राखण्यामागचे एक प्रमुख कारण म्हणजे हीच मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती जमिनीवर क्वचितच उतरते; एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब उडी घेऊन जाते. म्हणजे तिच्या जगण्यासाठी नुसती झाडे पुरत नाहीत, झाडाला झाड भिडलेले लागते. जंगलात मधोमध एक रुंद पट्टी मोकळी झाली की शेकरूच्या दृष्टीने तिथे रस्ता तुटतो. फांद्यांच्या शेंड्याला काटक्या-पानांचे मोठे गोल घरटे दिसले तर ते बहुतेक तिचेच. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधते.

तिला पाहण्याचा खरा उपाय म्हणजे सकाळी लवकर गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर न बोलता चालणे. आधी पानांची सळसळ आणि मग खटखट असा तिचा इशारा ऐकू येतो. देवळाजवळ तिला आणि माकडांना बिस्किटे दाखवणारे लोक भेटतात. आपल्या गटातल्या कुणीही कोणत्याही प्राण्याला काहीही खायला घालू नये.

पावसाळ्यात या जंगलात कुजलेल्या लाकडावरची बुरशी रात्री मंद हिरवी चमकते, हे खरे आहे. आमच्या दिवसांत ती दिसण्याचा भरवसा नाही. ती पाहण्यासाठी रात्री जंगलात शिरायला परवानगीही नाही.

भीमाशंकरच्या देवळाविषयी थोडे सांगाल का?

बारा ज्योतिर्लिंगांतले हे एक. आसामातही गुवाहाटीजवळ एक भीमाशंकर आहे आणि ज्योतिर्लिंगाचा मान तिथलेही भाविक सांगतात. इथल्या परंपरेप्रमाणे त्रिपुरासुराशी युद्ध करून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा नदी निघाली, आणि त्या युद्धात देवीने साहाय्य केले म्हणून कमळजा देवीचे देऊळ इथे आहे. सध्याचे देऊळ जुन्या गाभ्यावर वाढत गेलेले आहे; शिखराचे काम नाना फडणीसांनी करवले. गाभारा खोलगट जागी असल्यामुळे रस्त्यावरून दोनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात.

देवळासमोर शनीच्या देवळाजवळ दोन खांबांमध्ये एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती अवश्य थांबून पाहावी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण केल्या. ही त्यांतलीच एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईचीच. घंटेवर ख्रिस्ती खुणा आजही आहेत. वसईहून ही घंटा इथवर आणताना किती माणसे आणि जनावरे लागली असतील, हे घाट चढून आलेल्या माणसाला, पाय दुखत असताना, गाडीने आलेल्यापेक्षा चांगले समजते.

श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या आम्ही टाळतो. मंदिरात काम सुरू असेल किंवा गर्दीच्या नियोजनासाठी दर्शन बंद ठेवले असेल तर आम्ही तसे आधी कळवतो. अशा वेळी पदभ्रमण होते, पण दर्शन बाहेरूनच घ्यावे लागते.

गुप्त भीमाशंकर म्हणजे काय?

देवळापासून जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालत गेल्यावर, साक्षी विनायकाच्या छोट्या देवळापुढे, ओढ्याच्या पात्रात एक शिवलिंग आहे. मुख्य देवळापाशी उगम पावलेली भीमा काही अंतर गुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात पाण्याची धार लिंगावर पडत असते. आपल्या दिवसांत ती बारीक, पण वाहती असते. इथे सभामंडप नाही, रांग नाही, दुकान नाही.

हेच पाणी पुढे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरला चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि चंद्रभागा म्हणवते, आणि अखेरीस कर्नाटकात कृष्णेला मिळते. एकूण प्रवास ८६१ किलोमीटरचा. आमच्या गटात वारी करणारे एक काका होते. ते इथे पाण्यात हात बुडवून बराच वेळ बसून राहिले आणि उठताना एवढेच म्हणाले, की विठोबाच्या पायाशी पाहिलेली नदी आज घरी भेटली. तेव्हापासून या जागी आम्ही अर्धा तास ठेवतो आणि त्या अर्ध्या तासात छायाचित्रे काढण्याचा आग्रह कुणी करू नये अशी विनंती करतो.

धबधब्याखाली किंवा डोहात उतरता येईल का?

नाही. उथळ ओढ्यात पाय बुडवून बसता येते, तेही गटप्रमुखाने जागा पाहिल्यावर. धबधब्याच्या धारेबरोबर दगड येतात, खालचा डोह वरून दिसतो त्याहून खोल असतो, आणि शेवाळलेल्या कातळावर पट्टीचा पोहणाराही घसरतो. नितळ पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडून वरच्या बाजूला चढायचे. बाटली आणायला परत जायचे नाही.

राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था कशी आहे?

मुक्काम भीमाशंकर परिसरातल्या एका गावकरी कुटुंबाच्या घरी असतो. पुरुषांसाठी पडवी आणि मोठी खोली, स्त्रियांसाठी आतली वेगळी खोली, शौचालय एकच. अंथरूण मिळते, गरम पाणी मर्यादित मिळते. अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाहीत, त्यामुळे तशी मागणी करू नये.

रात्री तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, रानभाजी मिळाली तर ती, ठेचा आणि भात. सकाळी पोहे आणि चहा. जेवण शाकाहारीच असते. शनिवारचे दुपारचे जेवण प्रत्येकाने घरून आणावे. लवकर न विटणारे, म्हणजे दशमी, धपाटे, चटणी असे काही.

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. भातशेतीबरोबर बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून वाळवून विकणे हा त्यांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग आहे. अंगणात वाळत घातलेले काही दिसले तर ते ओलांडू नये, तुडवू नये. घरातल्या माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. जेवणाचे पैसे ठरलेले असतात. त्यावर घासाघीस आम्ही करत नाही आणि आपणही करू नये.

मासिक पाळी सुरू असेल तर यावे का?

अवश्य यावे, तब्येत साथ देत असेल तर. प्रत्येक गटात एक स्त्री गटप्रमुख असते. तिला सांगितल्यास थांबे आणि आडोसा यांची व्यवस्था ती करते. वापरलेले पॅड जंगलात टाकू अथवा पुरू नयेत. त्यासाठी कागद आणि बंद पिशवी आम्ही देतो. देवळात जायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि त्याबद्दल गटात कुणीही कुणाला विचारणार नाही.

गटात काय चालत नाही?

दारू, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी, ड्रोन, पाळीव कुत्रे, फुले-वेली तोडणे, झाडावर नावे कोरणे. आणलेला प्रत्येक कागद परत न्यायचा, संत्र्याची सालेसुद्धा. दारू प्यायलेला माणूस खांडसलाच थांबवला जातो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

कुणाला दुखापत झाली तर?

गटात प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेले दोघे असतात, दोर आणि घडीची झोळी असते. मोबाइल घाटात बऱ्याच ठिकाणी लागत नाही, म्हणून निघण्याआधी खांडसमध्ये आणि वरच्या मुक्कामी आमच्या वेळा सांगून ठेवलेल्या असतात. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत आम्ही पोहोचलो नाही तर गावातली माणसे शोधायला निघतात. जिथे संपर्क मिळतो तिथून ११२ आणि १०८ या क्रमांकांवर मदत मागितली जाते. पण डोंगरात प्रत्यक्ष मदत सर्वांत आधी पोहोचते ती वाडीतल्या तरुणांची, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे आणि त्यांच्याशी त्याच जाणिवेने बोलावे.

घरच्या एका व्यक्तीचा संपर्क क्रमांक नाव देतानाच लिहून द्यावा लागतो. तो नसेल तर नाव नोंदवले जात नाही.

खर्च किती, आणि रद्द केले तर?

आम्ही नफ्यासाठी पदभ्रमण काढत नाही. जीप, मुक्काम, जेवण आणि वनशुल्क यांचा खर्च येणाऱ्यांत समान वाटला जातो आणि हिशेब रविवारी रात्री सर्वांना पाठवला जातो. चार दिवस आधी कळवले तर आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळते. त्यानंतर मिळत नाही, कारण तोवर त्या घरी शिधा भरलेला असतो. हवामानामुळे आम्हीच रद्द केले तर सर्व रक्कम परत दिली जाते, किंवा पुढच्या तारखेला वळती केली जाते.

रद्द करण्याचा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी हवामान विभागाचा इशारा पाहून आणि खांडसच्या ओळखीच्या माणसाला विचारून घेतला जातो. शनिवारी सकाळी गणेश देवळापाशीही तो बदलू शकतो.

रविवारी किती वाजता घरी पोहोचू?

मुंबईकडचे लोक अकराच्या सुमारास उतरायला लागतात, तीनपर्यंत खांडसला येतात आणि संध्याकाळच्या लोकलने घरी जातात. पुण्याकडचे लोक वरूनच एसटीने निघतात. साधारण चार तास धरावेत, आणि रविवारी परतीच्या गाड्यांची गर्दी असते, म्हणून दुपारी एकची गाडी चुकवू नये. दोन्ही गटांनी रविवारी रात्री कोणताही कार्यक्रम ठरवू नये. घाटात वेळ वाचवण्यासाठी घाई करणारी माणसे बहुधा खाली कुणीतरी वाट पाहत असणारीच असतात.